पहिला वर्ग नादाचा

बाबा,

तुमचा आवाज माझ्या शिक्षणापायी गेला, असे आई अखेरपर्यंत म्हणत असे. तुमच्यासमोर म्हणत नसे. ज्वारी निवडताना, देवघर सारवताना, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणे, पण मला ऐकू जाईल अशा बेताने. तुम्ही जाऊन इतकी वर्षे झाली, आईलाही जाऊन पुष्कळ काळ लोटला, तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे मी येऊन पोचले, तरी त्या वाक्याला माझ्याकडून उत्तर गेलेले नाही. गेल्या आठवड्यापासून ते पुन्हा मागे लागले आहे. पूजेला बसते तर नैवेद्य दाखवायच्या आधीच उठते. जप सुरू करते तर मेरुमणी कधी येऊन गेला ते कळत नाही. पोथी उघडते आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचून मिटते. मन ठिकाणावर नसताना केलेली उपासना ही नुसती हातांची हालचाल, असे तुम्हीच सांगत असा. म्हणून आज माळ गोमुखीत ठेवून दिली आणि कागद घेतला.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची ही गोष्ट. राज्य बदलले, साहेब बदलले, आणि आर्वीच्या ज्या शाळेत तुम्ही संस्कृतचे शास्त्री होतात तिथेही नवे वारे आले. वरच्या वर्गांतल्या मुलांना संस्कृत उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करावे लागे. तोवर असे चाले, की तुम्ही उतारा मराठीत उलगडून सांगायचा आणि इंग्रजीचे मास्तर त्याला इंग्रजी अंगरखा घालायचे. कोणाची तक्रार नव्हती. पण त्या वर्षी मुख्याध्यापकांनी तुम्हांला बोलावून सांगितले, की हिवाळ्यात तपासनीस दौऱ्यावर येतील. त्यांच्यापुढे शास्त्रीबुवांनी स्वतः इंग्रजीतून पाठ द्यावा, नाही तर वरचे वर्ग दुसऱ्याकडे द्यावे लागतील. वरचे वर्ग गेले म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे देवळीपलीकडच्या आपल्या खेड्यात परत जाणे आले. आणि त्या खेड्यातली शाळा चौथीला संपत होती. मी तेव्हा नववीत होते. काकांनी माझ्यासाठी एक स्थळही हेरून ठेवले होते. तुम्ही घरी येऊन उपरणे खुंटीला लावलेत आणि शांतपणे म्हणालात, "आता तू मला इंग्रजी शिकवायचं." त्या क्षणी आपल्या तिघांनाही कळले, की तुमचे इंग्रजी आणि माझे शिक्षण या दोन गोष्टी आता वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

काशीला राहून आलेल्या माणसाला काय अवघड, असे मला वाटले होते. पण शब्दकोश हातात घेतल्याबरोबर तुम्ही अडलात. त्याची रचनाच तुम्हांला पसंत पडेना. "हे काय? राजाशेजारी रताळं! ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही, ते केवळ पहिलं अक्षर सारखं म्हणून शेजारी बसले. असा कोश पाठ कसा करायचा?" तुम्ही लहानपणी कोश पाठ केला होता तो कुळांनी लावलेला. देवांचे शब्द एका वर्गात, पाण्याचे एका वर्गात, वनस्पतींचे एका वर्गात. एक शब्द ओढला की त्याचे सगळे गोत मागोमाग येते. इंग्रजीही तशीच शिकायची, असे तुम्ही ठरवलेत. मग प्रश्न आला, आरंभ कोणत्या वर्गापासून? त्यात तुम्हांला शंका नव्हतीच. पंचमहाभूतांत पहिले आकाश. आकाशाचा गुण शब्द. म्हणून पहिला वर्ग नादाचा. त्यानंतर वायू आणि स्पर्श, मग तेज, मग जल, आणि शेवटी पृथ्वी. मी मान डोलावली. आज लिहितानाही मला त्या क्रमात चूक काढता येत नाही, आणि तोच क्रम आपल्याला घेऊन बुडाला.

मला ते स्वयंपाकघर दिसते. पहाटेची संध्या आटोपून तुम्ही पाटावर बसला आहात, आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, मी कोश मांडीवर घेऊन एकेक शब्द वाचते आहे. 'एको' हा तुम्हांला लगेच पटला. 'रिझाउंड' म्हणजे निनादणे. 'रिव्हर्बरेट' हा तुम्ही तीनचार वेळा तोंडात घोळवलात, आणि याच्या पोटातच दगडी भिंती आहेत म्हणालात. 'हॉलो' म्हणजे पोकळ, आणि पोकळातून येणाऱ्या आवाजालाही हॉलोच म्हणतात, असे मी सांगताच तुम्ही उठून फडताळाजवळची रिकामी घागर उचललीत आणि बोटाच्या पेऱ्याने तिच्यावर टिचकी मारलीत. मग पाण्याने अर्धी भरून पुन्हा मारलीत. मग काठोकाठ भरून. आईने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "घागरीला पोचे पाडून इंग्रजी येत असतं तर तांबट केव्हाच साहेब झाला असता." तुम्ही हसून म्हणालात, "तांबटाला इंग्रजी येत नाही, पण घागर कोणत्या जागी बोलते ते येतं. तेवढं तरी मला येऊ दे." आणि पुन्हा टिचकी.

तुमचा नियम असा होता, की ज्या आवाजासाठी शब्द आहे तो आवाज कानांनी ऐकल्यावाचून शब्द आपला म्हणायचा नाही. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, तो मधे मराठीची शिडी लावून कशाला चढायचा, असे तुम्ही म्हणत असा. त्यामुळे श्रावण आणि भाद्रपद आपण आवाज ऐकत हिंडलो. गावाबाहेरच्या जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर उभे राहून तुम्ही ॐकार म्हटलात आणि बारवेने तो हळूहळू, जणू विचार करून, परत दिला. तिथे 'एको' पक्का झाला. देवळात दुपारी कोणी नसताना घंटेला एकदाच टोल दिलात आणि तो विरेपर्यंत मला श्वास धरायला लावलात. त्या विरण्याला मी 'लिंगर' हा शब्द दिला. जायला निघालेला पाहुणा उंबऱ्याशी रेंगाळतो तसा, असे मी म्हटले, तर तुम्ही इतके प्रसन्न झालात, की घरी येऊन आईलाही सांगितलेत. मात्र कोशात त्याच अर्थाने 'डाय अवे' असाही प्रयोग होता, तो तुम्ही घेतला नाहीत. "नाद मरत नाही. तो आकाशात लीन होतो. हा शब्द नको." मी म्हटले, "परीक्षेत आला तर?" तुम्ही म्हणालात, "आला तर येऊ दे. मी म्हणणार नाही."

कापसाच्या जिनिंगच्या गोदामातला दिवस तर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हंगाम सुरू व्हायचा होता. गोदाम रिकामे, पत्र्याचे उंच छत, खाली फरशी. तुम्ही मधोमध उभे राहून स्तोत्राचा एक चरण मोकळ्या गळ्याने म्हटलात. छताने तो झेलला, भिंतींकडे टाकला, भिंतींनी परत छताकडे. बाहेरचा चौकीदार धावत आला. दारातून डोकावून म्हणाला, "काय करून राह्यले जी महाराज? भुताले हाका मारून राह्यले का?" तुम्ही गंभीरपणे उत्तर दिलेत, "नाही रे, इंग्रजी शिकतो आहे." तो माझ्याकडे वळला. "बाई, घरी घेऊन जा वो यायले. ऊन लागलं वाट्टे." तुम्ही त्यालाही आत बोलावलेत, त्यालाही एक हाक मारायला लावलीत. त्याने बैलाला हाकारतात तशी हाक मारली, ती वरून गडगडत आली, आणि तो पोरासारखा हसत सुटला. त्या गडगडाटाला मी 'रंबल' म्हटले, तुमच्या मोठ्या आवाजाला 'बूम'. बाबा, किती सुंदर दिवस होता तो. आणि मी आतून किती बेचैन होते! कारण भाद्रपद सरत आला होता, आणि आपण आकाशातून खाली उतरलोच नव्हतो.

दिवाळी झाली. मी एके दिवशी जेवताना विषय काढला. "बाबा, आपण रोजची वाक्यं करू या. तुमचं नाव काय, मुलं किती, कोण वाचेल, पुस्तक उघडा. साहेब हेच विचारतील." तुम्ही घास खाली ठेवलात. "क्रम मोडायचा नाही. 'किती' आणि 'कोण' हे पृथ्वीवरचे व्यवहार. त्यांची पाळी शेवटी." मी म्हटले, "पण साहेब पृथ्वीवरूनच येणार आहेत." आई हसली, तुम्ही हसला नाहीत. तुमचा आवाज कधी चढत नसे, उतरत असे, आणि तो उतरला की घरातली भांडीसुद्धा गप्प व्हायची. "तुला परीक्षा दिसते, मला भाषा दिसते. भाषेच्या दारात जाऊन प्रथम कोणी दाणे मागत नाही. प्रथम नमस्कार करतात. मी नमस्कार करतो आहे. तुला घाई असेल तर कोश इथे ठेव आणि जा." मी कोश ठेवला आणि गेले. मागून आईचे शब्द ऐकू आले, "पोरगी बरोबर सांगते आहे. तिला घाई असायचीच. शिक्षण जायचं ते तिचं आहे." दुसऱ्या दिवशी पाटावर कोश होता, तुम्ही होतात, आणि मीही येऊन बसले. पण वर्ग नादाचाच पुढे चालला.

पौषात आपण पुन्हा त्या गोदामात गेलो. 'मफल्ड', म्हणजे दबलेला आवाज, हा शब्द तुम्हांला नुसता ऐकून कळत नव्हता. आता गोदाम कापसाने भरले होते. मधे एक चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना छताला टेकतील अशा गंज्या. तुम्ही आत जाऊन तोच चरण म्हटलात. मी दाराशी होते, आणि मला तो जेमतेम ऐकू आला. तुम्ही पुन्हा म्हटलात, अधिक जोराने. मग बाहेर आलात ते चेहरा उतरलेला घेऊन. खांद्यावर, शेंडीवर कापूस. "माझा आवाज मलाच मिळाला नाही," म्हणालात. "ओठांपासून हातभर गेला आणि कोणी तरी काढून घेतला." मी म्हटले, "हेच ते, मफल्ड." तुम्ही मान हलवलीत, पण तो शब्द मोठ्याने म्हटला नाहीत.

तपासनीस आले तेव्हा वायूच्या वर्गाला नुकती सुरुवात झाली होती. मी पहिल्या बाकावर होते. त्या वर्गात मुली मोजक्याच, त्यामुळे आम्हांला पुढे बसवत. तपासनीस वयस्क होते, सौम्य होते. मला पुढे अनेक वर्षे त्यांचा राग राग करावासा वाटला, पण राग येण्यासारखे त्यांनी काही केले नव्हते. ते आत आले, सारा वर्ग उभा राहिला, आणि त्यांनी इंग्रजीत विचारले, आज मुले किती आहेत?

तुम्ही उभे आहात. डाव्या हातात पुस्तक, उजवा हात टेबलाच्या कडेवर. प्रश्न विचारला गेला आहे हे तुम्हांला कळले आहे, काय विचारला आहे ते कळलेले नाही. मी हात बाकाच्या कडेवर घेतला आणि बोटे पसरून तुम्हांला खूण केली. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. पाहिलेत आणि मान अगदी हळू, कोणाला दिसणार नाही अशी, नकारार्थी हलवलीत. मग पुस्तक उघडून उतारा म्हणायला लागलात. राजाच्या स्वागताला नगरीत वाद्ये वाजतात आणि पर्वताच्या गुहा तो घोष परत देतात, असा तो उतारा. तुमचा गळा लागला होता, बाबा. वर्गाच्या खिडक्यांची तावदाने थरथरली. तपासनीसांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. उतारा संपला आणि तुम्ही भाषांतराला लागलात. "ड्रम, बूम. केव्ह, हॉलो. केव्ह, रिझाउंड. एको..." आणि इथे जरासे थांबून, डोळे मिटून, "...लिंगर."

एकेक शब्द अचूक होता. ज्या आवाजाला जो हवा तोच. पण त्यांना जोडणारा दोरा तुमच्याजवळ नव्हता. तो पृथ्वीच्या वर्गात होता. मागच्या बाकावरून कोणी तरी हसले. मग आणखी कोणी. मग सगळा वर्ग. तपासनीसांनी हात वर करून मुलांना गप्प केले आणि मराठीत म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमची वाणी फार थोर आहे. पुरे आता. बसा." तुम्ही बसला नाहीत. तास संपेपर्यंत तसेच उभे राहिलात.

घरी येताना मी तुमच्या पुढे चालत होते, इतकी मी संतापले होते. नदीच्या पुलापाशी मागे वळून म्हटले, "मी खूण करत होते."

"पाहिली."

"मग?"

"गुरूनं शिष्याच्या बोटांवरून उत्तर वाचायचं?"

"इंग्रजीत तुम्ही माझे शिष्य आहात!"

"म्हणूनच," तुम्ही म्हणालात. "गुरूच्या डोळ्यांदेखत चोरी करू?"

ते उत्तर घेऊनच मी पूल ओलांडला. पुढे मी स्वतः आयुष्यभर इंग्रजी शिकवले, वर्धेला शेकडो पोरींना 'किती' आणि 'कोण' पहिल्याच दिवशी शिकवले, आणि आजही त्या उत्तराचा निकाल लावता येत नाही. कधी वाटते, हा माणूस धर्माने वागला. कधी वाटते, याने आपल्या टेकाचा मान ठेवला आणि मुलीचे भवितव्य त्यावर ओवाळून टाकले. दोन्ही विचार एकाच दिवशी येतात, एकाच तासात येतात. सकाळच्या जपात एका मण्याला एक, दुसऱ्याला दुसरा.

सत्र संपताच वरचे वर्ग नागपूरहून आलेल्या एका तरुण पदवीधराकडे गेले. काका बैलबंडी घेऊन आले. ओसरीवर बसून म्हणाले, "चल दादा. घरचं देवघर आहे, चार एकर आहे. पोरीचं करून टाकू अक्षय्यतृतीयेला. शिकून काय करणार आहे?" आई आत चुलीपुढे बसलेली, तिने नुसते सांडशीने तव्यावर मारले. तुम्ही काकांना म्हणालात, "बंडी परत ने. ही मॅट्रिक होईपर्यंत मी आर्वी सोडत नाही." काका म्हणाले, "आणि खाशील काय?" तुम्ही म्हणालात, "बघू." एवढेच. ज्या माणसाने वर्गात माझ्या बोटांकडे पाहून मान हलवली, तोच माणूस ओसरीवर असे बोलला. मला हे दोन्ही एकत्र बसवताच येत नाही.

मग एका संध्याकाळी देवळात एक अडत्या तुम्हांला भेटला. कापसाच्या बाजारात त्याची अडत होती, आणि हर्रास पुकारणारा, म्हणजे लिलावात बोली ओरडून सांगणारा, त्याचा माणूस हिंगणघाटला निघून गेला होता. तुमच्या पाया पडून, भीत भीत, तो म्हणाला, "रागावू नका जी महाराज. पन तुमच्यावानी गळा अख्ख्या तालुक्यात नाई. बजारात पन्नास बंड्या उभ्या राह्यतात, मागच्या बंडीवाल्याले पुढची बोली आयकू जात नाई, मंग भांडणं होते. तुमी पुकारसान का?" आईला हे कळले तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "वेदाचा कंठ तो. त्यानं कापसाचे भाव ओरडायचे?" तुम्ही तिला समजावलेत, "देवळावरचं आकाश आणि बाजारावरचं आकाश वेगळं आहे का? शब्द दोन्हीकडे त्याचाच गुण." तिला ते पटले नाही. मला पटले, पटवून घ्यायला मी उत्सुकच होते.

हंगाम सुरू झाल्यावर मी शाळेतून येताना बाजाराच्या फाटकाशी थांबत असे. पांढऱ्या कापसाने डवरलेल्या बंड्यांच्या रांगा, बैलांच्या घंटा, व्यापारी एका बंडीवरून दुसरीकडे, आणि त्या गर्दीत धोतर सावरत, उपरणे कानाला गुंडाळून तुम्ही. प्रत्येक बोली तुम्ही स्वरात घोळवून, शेवटचे अक्षर लांबवून म्हणत असा. एक शेतकरी बैलाच्या पाठीवर हात ठेवून शेजाऱ्याला म्हणाला, "काऊन रे, हे महाराज बोली लावून राह्यले का आरती म्हणून राह्यले?" शेजारी म्हणाला, "आरतीच समज नं. परसाद चांगला भेटला म्हंजे झालं." तुम्ही ते ऐकलेत आणि पुढची बोली आणखी लांबवलीत. लोक हसले, तुम्हीही हसलात. या हसण्यात आणि त्या वर्गातल्या हसण्यात किती अंतर होते, ते मला फाटकाशी उभे राहून कळत होते.

पण घरी आल्यावर तुम्ही म्हणत असा, "तिथं भिंत नाही गं. टाकलेला शब्द परत येत नाही. मग माणूस आणखी जोराने टाकतो." सगळ्या हवेत कापसाच्या रुईचे तंतू. पहिल्या हंगामात रात्रीतून गळा बसायचा, सकाळी मोकळा व्हायचा. दुसऱ्या हंगामात सकाळीही मोकळा होईना. वैद्यांनी ज्येष्ठमध दिला, मौन सांगितले. तुम्ही ज्येष्ठमध घेतलात. अडत्यासुद्धा म्हणाला, "महाराज, चार दिवस घरी राह्यजा जी." तुम्ही राहिला नाहीत, कारण माझी मॅट्रिक त्याच फाल्गुनात होती. आई रोज गुळण्यांचे पाणी तापवायची आणि माझ्याकडे पाहायची. ते पाहणे मी पाठीवर घेऊन अभ्यास करत असे.

मी पास झाले. निकाल आला त्या सकाळी तुम्ही पाटावर बसून कोश मागितलात. गेले कित्येक महिने तो कोणी उघडला नव्हता. गळ्यावर बोट ठेवून, जेमतेम उमटणाऱ्या आवाजात विचारलेत, "ह्याला काय म्हणतात तुझ्या इंग्रजीत?" मला शब्द ठाऊक होता. मी म्हटले, ठाऊक नाही. तुम्ही चष्मा लावून, ज्या अक्षरक्रमाला तुम्ही इतकी नावे ठेवलीत त्याच क्रमाने बोट फिरवत, तो शोधून काढलात. "होअर्स, घोगरा," वाचलेत. मग समाधानाने मान हलवून म्हणालात, "हा राहिला होता. आता वर्ग पुरा झाला." आणि मला जवळ बोलावून तो कोश माझ्या ओंजळीत ठेवलात, जसा शिष्याच्या हाती ग्रंथ देतात तसा. मी खाली वाकले तेव्हा तुमचा आशीर्वाद मला ऐकू आला नाही, नुसता डोक्यावर जाणवला.

तो गळा पुन्हा लागला नाही. देवळात तुमच्या जागी पुराण सांगायला दुसरे बुवा आले, तुम्ही खांबाशी बसून ऐकू लागलात. पण घरात एक बदल झाला. पूर्वी तुम्ही ओसरीवरून बोललात की परसापर्यंत ऐकू यायचे. आता काही सांगायचे तर उठून जवळ यावे लागे. मी चूल फुंकत असले तर तुम्ही शेजारी बसकण मारून कानाशी बोलायचात. मी सुट्टीत वर्धेच्या कॉलेजातून घरी आले, की माझ्या अभ्यासाचे विचारायचात, मी वाचलेल्या ओळींचा अर्थ विचारायचात, कधी एखादी शंका काढून वाद घालायचात. आणि हे सगळे अशा आवाजात, की दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण दोघे गप्प बसलो आहोत असे वाटावे. वायूचा वर्ग, तेजाचा, जलाचा, असे करत आपण तेव्हा खरोखरच पृथ्वीपर्यंत आलो. 'किती' आणि 'कोण' तुम्ही मला त्या आवाजात विचारलेत.

गेल्या आठवड्यात एका लग्नात तुमचा एक जुना विद्यार्थी भेटला. आता काठी टेकत चालतो. हात जोडून म्हणाला, "बाई, शास्त्रीबुवांचा तो आवाज अजून कानात घुमून राह्यला. तुमाले तं रोजच आयकू येत असंल." मी म्हटले, "हो, येतो." तिथपासून माझी ही अवस्था आहे. कारण ते खरे नाही. त्या आवाजाला हवे तितके शब्द माझ्याजवळ आहेत, आपण दोघांनी मिळवलेले. पण आवाज नाही. मी बसून आठवून पाहिले. उतारा आठवतो, थरथरणारी तावदाने आठवतात, बाजारातले हसणे आठवते, त्यांच्या मधोमध तुमचा आवाज असायला हवा तिथे काही नाही. मला येतो तो दुसराच, बसलेला, कानाशी.

आणि बाबा, आईला जे कधी सांगितले नाही ते आता लिहून टाकते. पहिल्या आवाजावर साऱ्या गावाचा अधिकार होता, देवळाचा होता, वर्गाचा होता, शेवटी त्या बंड्यांचाही झाला. माझ्या वाट्याला तो इतरांइतकाच येई. दुसरा ऐकायला जवळ बसावे लागे, आणि जवळ मी बसत होते. शास्त्र वाचलेल्या मुलीने पित्याचे गेलेले परत मागावे, हे मला कळते. तरी उद्या देवाने दोहोंतला एक देतो म्हटले, तर मी तो मोठा, निनादणारा, तुमच्या पुण्याईचा आवाज मागणार नाही. हे तुम्हांला पाठवण्याची सोय नाही, हे एका अर्थी बरेच आहे. सोय असती, तर हा शेवटचा परिच्छेद मी खोडला असता.

तुमची
मुलगी